एका खेळातून दुसऱ्या खेळात

१

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याची दोन टोके जणू दोन निरनिराळ्या शतकांत आहेत. पूर्वेच्या टोकाला हिंजवडी. तेथील राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या काचेच्या इमारतींत सहस्रावधी माणसे पडद्यापुढे बसून देशोदेशीच्या बँका, विमा कंपन्या आणि दुकाने ह्यांचे हिशेब सांभाळतात. पश्चिमेच्या टोकाला सह्याद्रीच्या कुशीत मुळशीचे धरण आणि त्याच्या पाण्याखाली गेलेली मावळातली गावे. ह्या दोन टोकांचा परस्परांशी काही संबंध असेल असे कोणास सहसा वाटत नाही.

हिंजवडीत जी कामे चालतात त्यांत एक काम मोठे जिकिरीचे असते. जुन्या संगणकयंत्रणेत साठलेल्या नोंदी उचलून नव्या यंत्रणेत नेऊन ठेवायच्या. त्या धंद्याच्या बोलीत ह्याला ‘मायग्रेशन’ म्हणतात. मायग्रेशन म्हणजे स्थलांतर. माणसांसाठी वापरला जाणारा शब्द येथे नोंदींना लागला आहे. हे काम करणाऱ्यापुढे दोन प्रश्न सतत उभे राहतात. जुन्या नोंदीत एखादा रकाना आहे आणि नव्या यंत्रणेत त्याला जागाच नाही. त्यातल्या मजकुराचे काय करावे? उलटपक्षी नव्या यंत्रणेला एखादी गोष्ट हवी आहे आणि जुनीने ती कधी विचारलीच नव्हती. ती आणावी कोठून?

बँकेच्या खात्याच्या बाबतीत हे प्रश्न रूक्ष वाटतात. परंतु संगणकाच्या इतिहासात एक क्षेत्र असे आहे की, जेथे हेच प्रश्न लोकांनी अत्यंत जिव्हाळ्याने विचारले, त्यांवरून वाद घातले, क्वचित हळहळही केली. ते क्षेत्र म्हणजे खेळ. एका खेळात वाढवलेले पात्र त्याच्या पुढच्या भागात घेऊन जाण्याची जी प्रथा १९८२पासून रूढ झाली, तिचा इतिहास ह्या लेखात थोडक्यात सांगावयाचा आहे. विषय पोरकट वाटेल. पण माणूस एका जगातून दुसऱ्या जगात जातो तेव्हा त्याचे काय काय पलीकडे जाते, हा त्यातला प्रश्न पोरकट नाही.

२

आपल्या पुराणकारांना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. रामायण आणि महाभारत ही दोन वेगळ्या युगांची आख्याने. पण काही मंडळी दोहोंतही वावरतात. रामाच्या विवाहानंतर वाटेत आडवा येणारा परशुराम पुढे भीष्माशी लढतो आणि कर्णाला अस्त्रे शिकवतो. स्यमंतक मण्याची कथा तर गणेशचतुर्थीच्या निमित्ताने घरोघरी सांगितली जाते. त्या कथेत गुहेत कृष्णाशी दिवसेंदिवस झुंजणारा जांबवान हा रामाच्या सैन्यातला. समोरचा पुरुष कोण हे त्याला अखेर उमगते, ते जुन्या स्वामीची ओळख त्याच्या अंतरी शिल्लक असल्यामुळेच.

सर्वांत मार्मिक प्रसंग वनपर्वातला आहे. द्रौपदीसाठी सौगंधिक पुष्पे आणावयास निघालेल्या भीमाच्या वाटेवर एक म्हातारा वानर शेपूट पसरून पडलेला असतो. ती शेपूट भीमाला हलवता येत नाही. हा आपला थोरला भाऊ हनुमान आहे हे कळल्यावर भीम म्हणतो, समुद्र ओलांडताना जे रूप धारण केले होते ते मला दाखव. हनुमान प्रथम नकार देतो. युग बदलले की काळ बदलतो, देह आणि बळ बदलते, आणि मलाही त्या त्या काळास अनुसरून राहावे लागते, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. शेवटी धाकट्या भावाच्या हट्टाखातर तो ते रूप दाखवतो, पण क्षणभरच.

आख्यान रचणाऱ्याची अडचण येथे उघड दिसते. त्रेतायुगातला हनुमान आहे तसा कुरुक्षेत्रावर उतरला असता तर अठरा दिवस युद्ध चालण्याचे कारणच उरले नसते. म्हणून तो अर्जुनाच्या ध्वजावर बसतो. ओळख पुरी राखायची आणि सामर्थ्य आवरायचे, हा तोडगा काही हजार वर्षांनी अमेरिकेतल्या खेळ रचणाऱ्या तरुणांना पुन्हा स्वतंत्रपणे शोधावा लागला.

३

ह्या खेळांचा मूळपुरुष संगणकावरचा नव्हे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सोंगट्यांचा पट अवश्य लागे असे नाही. चारसहा जण टेबलाभोवती बसत. एक जण निवेदक होई. भुयारे, राक्षस, खजिने ह्यांचे वर्णन करणे आणि निवाडा देणे त्याच्याकडे. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेत. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी पुरोहित, कोणी चोर. फाशांवर यशापयश ठरे. प्रत्येकापुढे एक कागद असे, आणि त्यावर पात्राचे नाव, बळ, बुद्धी, चपळाई, जवळची शस्त्रे, सोन्याची नाणी आणि आजवर मिळवलेला अनुभव हे सारे आकड्यांत लिहिलेले असे. अनुभव ठरावीक आकड्यापर्यंत पोचला की पात्र एक पायरी वर चढे.

सोंगट्या पेटीत गेल्या की त्यांचे पूर्वायुष्य संपते. ज्ञानेश्वरांच्या नावावर परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या मोक्षपटातही डाव मोडला की सोंगटी पुन्हा पहिल्या घरात. येथे मात्र डाव संपला तरी कागद संपत नसे. पुढच्या आठवड्यात तोच कागद पुढे येई. इतकेच नव्हे, तर तो खिशात घालून दुसऱ्या मित्राच्या घरी, दुसऱ्या निवेदकाच्या जगातही जाता येई. तेथला निवेदक कागद वाचून म्हणू शके, “तू ये, पण ही जादूची तलवार आमच्याकडे चालणार नाही.” सीमेवर एक माणूस बसलेला असे आणि त्याच्याशी हुज्जत घालता येत असे. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण संगणकाच्या सीमेवर असा माणूस नसतो. काय आत घ्यायचे आणि काय अडवायचे, ते आधीच लिहून ठेवावे लागते.

हा खेळ संगणकावर आणण्याची खटपट विद्यार्थ्यांनी लगेच सुरू केली. इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची शिक्षणासाठी उभारलेली मोठी संगणकयंत्रणा होती. १९७५च्या सुमारास तिच्यावर भुयारांचे खेळ निघाले. त्यांतल्या एकाचे नाव ‘पेडिट५’ असे मुद्दाम रूक्ष ठेवले होते, का तर व्यवस्थापकांना ते अभ्यासाचे काम वाटावे. युक्ती फार काळ टिकली नाही; खेळ पुसला गेला. येथे पात्र राही ते विद्यापीठाच्या यंत्रात. ते उचलून घरी नेण्याची सोय नव्हती.

ती सोय फ्लॉपीने केली. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड ह्या दोघांनी रचलेला ‘विझर्ड्री’ हा खेळ सर-टेक ह्या कंपनीने १९८१ साली ॲपल टू ह्या घरगुती संगणकासाठी विकावयास काढला. सहा जणांची टोळी घेऊन एका वेड्या अधिपतीच्या दहा मजली भुयारात उतरायचे आणि वर्डना नावाच्या दुष्ट मांत्रिकाला मारून त्याने पळवलेले ताईत परत आणायचे, एवढीच कथा. परंतु ह्या खेळाची शिस्त कडक होती. भुयारात सारी टोळी पडली तर ती गोष्ट तबकडीवर तत्क्षणी लिहिली जाई. प्रेते तेथेच राहत. ती आणण्यासाठी दुसरी टोळी उभी करून पाठवावी लागे. देवळात पैसे भरून मेलेल्यास उठवता येई, पण विधी फसला तर त्याची राख होई; आणि राखेवरचा विधीही फसला तर ते पात्र कायमचे नाहीसे होई. म्हणूनच संकट दिसताच झटकन तबकडी बाहेर ओढणारे खेळाडू पुष्कळ होते. काही शे अक्षरांत मावणारी ती नोंद. पण तिच्यामागे हिवाळाभरच्या रात्री असत.

पुढच्याच वर्षी, १९८२ साली, ‘नाइट ऑफ डायमंड्स’ हा दुसरा भाग आला. त्याची अट विलक्षण होती. मूळ आवृत्तीत नवे पात्र घडवण्याची सोयच नव्हती. पहिल्या भागात वाढवलेली, बऱ्याच पायऱ्या चढलेली माणसे ज्याच्याकडे असतील त्यानेच यावे. व्यापाराच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा व्यवहार म्हटला पाहिजे. कारण पहिला भाग न घेतलेले सारे गिऱ्हाईक दाराबाहेर राहते. पण खेळाडूच्या दृष्टीने त्यात एक मोठा सन्मान होता. तुम्ही मागच्या वर्षी जे कष्ट केलेत ते खरे होते, आम्ही ते मोजतो, असेच जणू तो खेळ सांगत होता.

४

मात्र ह्या सन्मानातून हनुमानाची अडचण लगेच उभी राहिली. पात्रे अशीच चढत गेली तर तिसऱ्या भागात त्यांच्यापुढे उभे तरी कोणास करावयाचे? ‘लेगसी ऑफ लिलगॅमिन’ ह्या १९८३च्या तिसऱ्या भागाने उत्तर दिले: जुने वीर आता नाहीत, त्यांचे वंशज आले आहेत. तुमची जुनी पात्रे आणा, पण आत येईल तो त्यांचा वारस, आणि तो पहिल्या पायरीपासून सुरुवात करील. घराण्याचे नाव चालले, कर्तृत्व पुन्हा मिळवायचे राहिले. जुन्या घराण्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना ही व्यवस्था अपरिचित वाटणार नाही.

चौथ्या भागात ह्या कथेला जे वळण मिळाले ते ह्या साऱ्या इतिहासातले सर्वांत चमत्कारिक वळण म्हणावे लागेल. १९८७च्या ‘द रिटर्न ऑफ वर्डना’मध्ये खेळाडूच वर्डना होतो. पहिल्या भागात मारला गेलेला तो मांत्रिक भुयाराच्या तळाशी जागा होतो आणि वर चढू लागतो. त्याला अडवायला येतात ते सज्जन वीर. हे वीर कोणाच्या कल्पनेतून आले नव्हते. खेळाडूंच्या तबकड्या बिघडत आणि ते त्या दुरुस्तीसाठी सर-टेककडे पाठवत. त्या तबकड्यांवरची खरीखुरी पात्रे ह्या खेळात शत्रू म्हणून घातली होती. कोण्या गावच्या मुलाने रात्री जागून वाढवलेला योद्धा असा परस्पर पुढच्या भागात गेला आणि अनोळखी माणसाच्या हातून मारला जाऊ लागला. त्याचे नाव पलीकडे गेले, पायरी गेली; तो कोणाचा होता, ही गोष्ट मात्र गेली नाही. तिच्यासाठी रकाना नव्हता.

दरम्यान प्रथा फोफावली होती. १९८५ला सुरू झालेल्या ‘बार्ड्‌स टेल’ मालिकेने तर स्वतःच्याच नव्हे, परक्या कंपन्यांच्या खेळांतली, म्हणजे ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ ह्यांमधली पात्रेही आत घेण्याची सोय ठेवली. प्रतिस्पर्ध्याचे गिऱ्हाईक त्याच्या सामानसुमानासकट आपल्याकडे आणण्याचा हा उद्योग होता. रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा’त १९८५च्या चौथ्या भागात सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ झालेला नायक १९८८च्या पाचव्या भागात नेता येई. ‘माइट अँड मॅजिक’च्या दुसऱ्या भागानेही हीच रीत पाळली.

५

ह्या प्रथेचा सर्वांत सलग आणि अभ्यासण्याजोगा नमुना म्हणजे एसएसआय कंपनीची चार खेळांची माला. ‘पूल ऑफ रेडियन्स’ १९८८, ‘कर्स ऑफ द अझ्युअर बाँड्स’ १९८९, ‘सीक्रेट ऑफ द सिल्व्हर ब्लेड्स’ १९९० आणि ‘पूल्स ऑफ डार्कनेस’ १९९१. कंपनीने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम वापरण्याचा परवाना रीतसर मिळवला होता. फ्लान नावाच्या उद्ध्वस्त शहराची वस्ती एकेक करून मोकळी करणारी सहा जणांची टोळी पहिल्या भागात घडे, आणि चौथ्या भागाच्या अखेरीस ती देवांच्या हस्तकांशी झुंजे.

सामर्थ्य आवरण्यासाठी येथे दोन उपाय होते. पहिला उपाय मर्यादेचा. ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये योद्धा आठव्या पायरीवर थांबे, चोर नवव्या, मांत्रिक आणि पुरोहित सहाव्या. त्यापुढे कितीही पराक्रम करा, पायरी चढत नसे. पुढचा भाग आणलात की गाडी पुन्हा चालू. चौथ्या भागात हीच चढण चाळिसाव्या पायरीपर्यंत जाई. दुसरा उपाय कथेचा. दुसऱ्या भागाच्या आरंभी टोळी एका खाणावळीत जागी होते. जवळची शस्त्रे, चिलखते, पैसा सारे लुबाडले गेले आहे आणि प्रत्येकाच्या हातावर पाच निळ्या मुद्रा गोंदल्या आहेत. त्या मुद्रांचे धनी कोण, हे शोधणे हीच पुढची कथा. म्हणजे जे सामान आत घ्यायचे नव्हते ते निवेदकाच्या मुखाने नाकारण्याऐवजी चोरांकरवी काढून घेतले.

येथे एक सूक्ष्म विवेक दिसतो. अंगची विद्या पलीकडे जाते, अंगावरचे सामान जात नाही. आपल्याकडे संचित कर्म जन्मांतरी बरोबर येते आणि घरदार, दागदागिने येथेच राहतात असे मानतात. ह्या खेळांची घडण नकळत तीच झाली. संचिताची कठोर बाजूही त्यात उतरली. मूळ नियमांप्रमाणे एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग अशा मानवेतर जातींना बहुतेक विद्यांत ठरावीक पायरीपलीकडे जाता येत नसे. पहिल्या भागात ह्याचा त्रास जाणवत नाही, उलट त्या जातींचे लाभच दिसतात. पण १९८८ साली हौसेने घेतलेला ड्वार्फ योद्धा १९९१ साली मागे पडलेला असे; बरोबरीचे मानव कितीतरी पायऱ्या वर गेलेले. अंगात वेग आणणारा ‘हेस्ट’ नावाचा एक मंत्र होता. तो वापरला की पात्राचे वय एक वर्षाने वाढे. लढाईच्या घाईत ह्याकडे कोण पाहतो? पण वयालाही रकाना होता, आणि तो आकडा निमूटपणे एका तबकडीवरून दुसरीवर जात होता.

आणखी एक गंमत. पहिल्या भागाच्या शेवटी मारलेला टिरँथ्रॅक्सस हा दुष्टात्मा दुसऱ्या भागाच्या शेवटी पुन्हा पुढे उभा राहतो. वीरांना पलीकडे जाण्यासाठी तबकडी जपावी लागते. शत्रूला ती लागत नाही. तो कथेतच वस्तीला असतो.

६

एवढे झाले तरी ह्या साऱ्या नोंदी बळाच्या, बुद्धीच्या आणि पराक्रमाच्या होत्या. माणूस वागला कसा, ह्याचा हिशेब पुढे नेण्याचा ठळक प्रयत्न लॉरी आणि कोरी कोल ह्या दांपत्याने केला. सिएरा कंपनीने १९८९ साली काढलेली त्यांची ‘हीरोज क्वेस्ट’ ही माला नावाच्या हक्कावरून अडचण आल्याने ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’ ह्या नावाने पुढे चालली. एकच नायक, पाच भाग, पाच देश. झाड चढत राहिले की चढण्याचे कसब वाढते, दगड फेकत राहिले की नेम सुधारतो. जे करावे ते अंगी मुरते. भाग संपला की नायकाची नोंद तबकडीवर लिहून घ्यायची आणि पुढचा भाग येईपर्यंत जपायची.

ह्या नोंदीत कसबांच्या शेजारी शील हाही एक रकाना होता. १९९०च्या दुसऱ्या भागात ज्याचे वर्तन सचोटीचे राहिले त्याला शेवटी ‘पॅलाडिन’, म्हणजे धर्मवीर, ही पदवी मिळे. ही पदवी सुरुवातीला मागून मिळत नसे. योद्धा, मांत्रिक किंवा चोर म्हणून निघालेल्याला ती वागण्यातून कमवावी लागे, आणि मग १९९२च्या तिसऱ्या भागात तो त्या नव्या ओळखीने प्रवेश करी. पाचवा भाग १९९८ साली निघाला. पहिल्या भागाच्या वेळी बारा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा एकविसाचा झाला होता. ह्या नऊ वर्षांत घरातला संगणक बदलला, तबकडीचा आकार बदलला, पुढे खेळ सीडीवर येऊ लागले. ज्याने नोंद जपली तोच ती पुढे नेऊ शकला. नोंदीला स्वतःचे पाय नसतात. तिला वाहून नेणारा माणूस लागतो.

‘विझर्ड्री’च्या उत्तरार्धातही हीच कथा आहे. १९९०चा सहावा भाग ज्या तऱ्हेने संपवाल त्याप्रमाणे १९९२च्या सातव्या भागाचा आरंभ वेगवेगळ्या ठिकाणी होई. सातव्यातून आठव्यात जावयाचे तर मात्र २००१ उजाडावे लागले.

७

त्यानंतर रकाने वाढत गेले. बायोवेअर कंपनीच्या ‘बॉल्डर्स गेट’ने १९९८ आणि २०००च्या भागांत जुनीच रीत चालवली. दुसऱ्या भागाच्या आरंभी नायक एका मांत्रिकाच्या कैदेत, सामान गेलेले. पण रचणाऱ्यांनी एक थट्टा केली होती. पहिल्या भागात एका सरायीत कोणी श्रीमंत पाहुणा नायकाला नोकर समजून आपली सोनेरी विजार धुवायला देतो. ह्या निरुपयोगी विजारीचा भार ज्याने टाकून न देता पुढे वाहिला, आणि दुसऱ्या भागातली रुपेरी व २००१च्या पुरवणी भागातली काशाची विजारही मिळवली, त्याला अखेरीस त्या तिन्हींतून एक अजब चिलखत करून मिळे. तलवारी लुटल्या गेल्या, विजार राहिली!

ह्याच कंपनीच्या ‘मास इफेक्ट’ने २००७, २०१० आणि २०१२ अशा तीन भागांत पराक्रमापेक्षा निर्णयांचा हिशेब नेला. कोणास वाचवले, कोणास मरू दिले, कोणास काय वचन दिले, असा मोठा पसारा. रकाने वाढले तशा चुकाही वाढल्या. पहिल्या भागात कॉनरॅड व्हर्नर नावाच्या भाबड्या चाहत्याशी खेळाडू सौम्यपणे बोलला असला, तरी दुसऱ्या भागातला कॉनरॅड त्याला सुनावी, “तुम्ही माझ्या तोंडावर पिस्तूल रोखले होते.” नोंद वाचताना झालेली ही गफलत. तिसऱ्या भागाच्या वेळी तर पहिल्या भागात हौसेने घडवलेले नायकाचे चेहरेच पलीकडे येईनात. नाव आले, कृत्ये आली, चेहरा नाही. लोक अस्वस्थ झाले. कंपनीने काही आठवड्यांनी दुरुस्ती केली.

शिवाय ज्यांच्याजवळ जुनी नोंदच नाही त्यांचे काय, हा प्रश्न होताच. दुसरा भाग प्लेस्टेशन ३ ह्या यंत्रावर २०११ साली आला, तेव्हा पहिला भाग त्या यंत्रावर नव्हता. म्हणून एक चित्रकथा दाखवून त्यातच खेळाडूला जुने निर्णय विचारून घेतले. २०१४ साली ‘ड्रॅगन एज’च्या तिसऱ्या भागासाठी कंपनीने जुनी फाइल घेणेच सोडले आणि मागे काय काय घडले ते खेळाडूनेच एका स्वतंत्र ठिकाणी नोंदवावे अशी सोय केली. पोलंडमधल्या ‘द विचर’च्या २०१५च्या तिसऱ्या भागात एक सेनापती नायकाची हजामत चालू असताना त्याला जुन्या घटनांविषयी प्रश्न विचारतो, आणि तो देईल ती उत्तरे हाच इतिहास ठरतो. कागदपत्र मागे पडले आणि साक्ष पुढे आली. जो खरेच तसा खेळला होता आणि जो तसे नुसते सांगतो, त्यांत आता फरक उरला नाही. इतिहासलेखकाला ही तडजोड परिचयाची आहे. बखर आणि दफ्तर ह्यांतले जुने भांडण ते हेच.

८

आता मुळशीच्या पश्चिम टोकाकडे वळावयास हवे; कारण रकान्यांचा प्रश्न खेळात जितका निरुपद्रवी असतो तितका अन्यत्र नसतो.

मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळा-निळेच्या खोऱ्यात धरण योजले. पाणी येथे अडवायचे, घाटाखाली भिरा येथे सोडायचे आणि त्यावर वीज करायची. ह्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ह्यांना ‘सेनापती’ हे नाव ह्याच लढ्याने दिले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने झटत होते. लढा तीनएक वर्षे चालला आणि हरला. धरण झाले.

लढ्याच्या काळात भरपाईचा प्रश्न आला तेव्हा जमिनीचे मालक आणि जमीन कसणारे मावळे ह्यांची वाट एक राहिली नाही, असे त्या लढ्याचा अभ्यास सांगतो. ह्याचे कारण स्वभावात शोधण्याची गरज नाही. भरपाईच्या कागदात मालकाचे नाव, जमिनीचे क्षेत्र आणि दर ह्यांना रकाने असतात. ज्याचे सर्वस्व ह्या रकान्यांत मावते तो पलीकडच्या तीरावर जवळजवळ सगळाच पोचतो. ज्याचे सर्वस्व भाताच्या खाचरात आहे, कोणत्या ओढ्याला कधी पाणी येते ह्या माहितीत आहे, शेजारात आणि गावदेवाच्या पारावर आहे, तो रकान्यांतून जाताना गळतो. त्याच्यापुरते विचारायचे तर निळ्या मुद्रांच्या टोळीला जे साधले तेही त्याला साधले नाही. टोळीचे सामान गेले पण विद्या अंगी राहिली. खाचर पाण्याखाली गेल्यावर त्या खाचराची विद्या कोठे वापरायची?

खेळाची आणि धरणाची तुलना करून धरणाचे दुःख हलके करण्याचा येथे हेतू नाही. उलट, खेळ रचणाऱ्यांना जे ध्यानात आले ते नोंदी करणाऱ्या थोर संस्थांना पुष्कळदा येत नाही, एवढेच दाखवावयाचे आहे. नोंदवही तयार होते त्या दिवशीच पुढच्या स्थलांतराचा निकाल बराचसा लागलेला असतो. कोल दांपत्याने शीलाला रकाना दिला म्हणून त्यांचा नायक शीलासकट पुढे गेला. सर-टेकच्या तबकडीवर धन्याला रकाना नव्हता म्हणून त्याचा वीर अनाथ होऊन परक्याच्या खेळात मेला.

आणि तरीही ह्या इतिहासात दिलासा देणारी एक गोष्ट आहे. कोणत्याही खेळाने सगळे पलीकडे नेले नाही. तरी खेळाडूंना आपले पात्र तेच आहे ह्याविषयी शंका वाटली नाही. चेहरा चुकला तेव्हा तो चुकला हे त्यांना कळले, कारण खरा चेहरा त्यांना आठवत होता. चुकीची नोंद चुकीची आहे हे सांगणारा माणूस जिवंत आहे तोवर नोंद सुधारता येते. हिंजवडीच्या कार्यालयांत रोज लक्षावधी नोंदी एका घरातून दुसऱ्या घरात जातात. त्यांतल्या प्रत्येकीमागे कोणी ना कोणी माणूस आहे, आणि कोणता रकाना गाळायचा हे ठरवणाराही माणूसच आहे. त्याने मान वर करून पश्चिमेकडे पाहिले, तर त्याच तालुक्यात धरणाचे शांत पाणी आहे. त्याच्या तळाशी कोणत्याही वहीत न लिहिलेल्या पुष्कळ गोष्टी आहेत.